पिकलेला हात

माझ्या बहिणीचं, दलेंदाचं, लग्न झालं तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि पोट दिसायला तिला छत्तिसावं वर्ष उजाडलं. मधल्या चौदा वर्षांत ट्यूनिसशेजारच्या आमच्या अरियाना गावातल्या बायकांनी तिला काय काय खायला, प्यायला आणि गळ्यात बांधायला सांगितलं ते सांगत बसले तर उद्याची संध्याकाळ होईल. तिला मूल हवं होतं. तिने आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

बहीण म्हणते मी खरी, पण वाढवलं तिला मीच. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी बावीसची. माझं लग्न राहून गेलं ते गेलंच, त्याचं मी कधी रडगाणं गायलं नाही. ती मला लेल्ला म्हणायची. मोठ्या बहिणीला आमच्यात तसंच म्हणतात. वेणी घालायला मी शिकवलं, नमाज मी शिकवला, आणि पाच सुयांवर टोपी विणायला तर मीच शिकवलं.

अरियानात तेव्हा गल्लोगल्ली टोप्या विणल्या जायच्या. ट्यूनिसच्या बाजारात पुरुषांच्या डोक्यावर लाल टोपी दिसते ना, ती. आमच्या हातातून निघते तेव्हा ती पांढरी असते आणि एवढी ढगळ असते की आत दोन डोकी मावतील. पुढे नदीकाठी नेऊन ती कुटायची, आटवायची, रंगवायची, हे सगळं पुरुषांचं काम, आणि नावही त्यांचंच होतं. आम्ही सकाळपासून अंगणात भिंतीला पाठ लावून बसायचो, सुया बोटांत घट्ट धरून, मनगट वाकवून. मान वर न करता दिवसभर तोंड चालू. हातांकडे कुणी बघतही नसे.

पोरगी बारा वर्षांची झाली की सुया धरायची. काही वर्षांत तिचं मनगट ठणकायला लागायचं, बोटांना मुंग्या यायच्या, पहाटे हात झटकत उठायची. याला आमच्या गल्लीत कुणी आजार म्हणत नसे. हात कच्चा आहे, पिकतोय, असं म्हणत. मग कुणाचं दहा वर्षांनी, कुणाचं वीस वर्षांनी, दुखणं आपोआप थांबायचं. त्या दिवशी हात पिकला. मग घरात बसीसा कालवायचा, म्हणजे भाजल्या धान्याचं पीठ तेलात आणि खजुरात, तो घरोघर वाटायचा, आणि गल्लीतली सर्वांत जुनी विणकरीण येऊन त्या बाईच्या तळहाताचा मुका घ्यायची. तिथून पुढे ती बाई दाराजवळच्या उजेडात बसायची. पिकल्या हाताला भट्टीतली भाकरी काढताना चटका बसत नाही, याचं आम्हाला कोण कौतुक. नवऱ्याने हात धरला तरी तुला कळायचं नाही गं, असं आम्ही एकमेकींना चिडवायचो आणि हसायचो.

माझा हात पस्तिसाव्या वर्षी पिकला. त्या वर्षापासून दाराजवळची जागा माझी होती.

दलेंदाला सातवा महिना लागला आणि तिचे हात सुजले. मनगट तिचं आधीही दुखायचं, पण आता ती सकाळी उठायची तेव्हा उजवा हात मळलेल्या कणकेसारखा लोंबत असायचा. चहाचे पेले हातातून सुटायचे. टाके गळायचे, आणि दलेंदाचा टाका गळणं ही गल्लीत बातमी होती. तिचा नवरा मुकदाद लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता, चार दिवस बाहेर, दोन दिवस घरी. त्याचं घर टेस्तूरला, पण दलेंदा मला सोडून जायला तयार नव्हती म्हणून तो आमच्याकडेच राहायचा. साधा माणूस. बायकोचा हात त्याच्याने बघवेना. मला म्हणाला, लेल्ला, मी परवाच्या आधी येत नाही, तुम्ही हिला ट्यूनिसच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जाच.

नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती, केस उघडे, अर्धं बोलणं फ्रेंचमधून. तिने दलेंदाच्या मनगटावर बोटाने टिचक्या मारल्या, अंगठा दाबून पाहिला, डोळे मिटायला सांगून बोटांवर कापूस फिरवला. मग समजावून सांगितलं. मनगटात एक अरुंद दार आहे, त्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्या जातात आणि त्यांच्यामधून एक नस जाते. गरोदरपणाची सूज आणि वर्षानुवर्षांचं वाकवलेलं मनगट, यांनी ती नस दारात चेंगरली आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा, बाळंतपणापर्यंत सुया धरू नका, बहुतेकींचं मूल झालं की जातं. दलेंदाने पट्टा घेतला, बाईचे हात हातात घेऊन दुवा दिला, आणि ती वजन करायला पलीकडच्या खोलीत गेली.

मी पिशवी उचलत होते. बाईने मला थांबवलं. म्हणाली, "तुम्ही मोठ्या बहीण ना? मग नीट ऐका. दुखणं थांबलं आणि बोटं पहिल्यासारखी झाली तर चांगलंच. पण दुखणं थांबलं आणि बोटं बधिरच राहिली, तर ती बरी झालेली नाही. नस मरायला लागली असं समजा आणि त्याच आठवड्यात घेऊन या. लहानसं ऑपरेशन असतं, अर्ध्या तासाचं."

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिने माझा हात धरला, उलटा केला, अंगठ्याखालची गादी चाचपली. ती गादी माझ्या हाताला केव्हाच उरली नव्हती, तिथे खड्डा होता. ती हळूच म्हणाली, तुमची तर गेलीच आहे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

मला जो राग आला तो अजून आठवतो. सतरा वर्षं गल्लीने ज्या हाताला मान दिला त्या हाताला ही कालची पोर मेलेला म्हणते. मी हात ओढून घेतला. घरी येताना दलेंदाने विचारलं, काय म्हणत होती गं? मी म्हटलं, काही नाही, मला पण पट्टा विकायला बघत होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दलेंदाने डॉक्टरणीचं बाकी सगळं ऐकलं. पट्टा बांधला, सुया ठेवून दिल्या. तीन महिने मी अंगणात तिच्याशिवाय बसले. ती आत पाय पसरून बाळंत्यांच्या घड्या घालायची आणि मी बाहेर. मला ते आवडत नव्हतं, हे आज कबूल करते. तिने सुया कायमच्या ठेवल्या तर, असं मनात यायचं.

नोव्हेंबरात तिला मुलगी झाली. नाव ठेवलं वर्दा. मुकदादने गाडी सोडून दोन दिवसांची रजा काढली आणि ते दोन्ही दिवस तो पाळण्याशेजारी नुसता बसून राहिला. दलेंदा पोरीकडे असं बघायची की आपण तिथे असलो तर आपल्यालाच संकोच व्हावा. पहिल्याच महिन्यात तिची सूज उतरली आणि मनगटाचं ठणकणं थांबलं. एका सकाळी दूध पाजता पाजता ती म्हणाली, लेल्ला, हात अजिबात दुखत नाही आता. फक्त ही तीन बोटं कापसात गुंडाळल्यासारखी वाटतात. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन.

मला डॉक्टरणीचं बोलणं आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. शब्दन् शब्द आठवलं. आणि मी तिला म्हटलं, "अगं वेडे, हात पिकला तुझा."

तिचा चेहरा फुलला. घरात एका वर्षात दोन दोन आनंद. मी बसीसा कालवला, तेल जरा जास्तच ओतलं. गल्लीतल्या बायका आल्या, पोरीची दृष्ट काढली आणि आईच्या हाताचं कौतुक केलं. सर्वांत जुनी विणकरीण आता मीच होते. मी तिचा तळहात उलगडला आणि त्याचा मुका घेतला. तिने सुया परत धरल्या, माझ्या शेजारी, दाराच्या उजेडात. त्या हिवाळ्यासारखं सुख मला आधी कधी मिळालं नव्हतं.

जानेवारीत गारठा पडला. वर्दा अकरा आठवड्यांची झाली होती. मुकदाद गाडीवर होता. तिला अंघोळ घालायची म्हणून आम्ही मागच्या खोलीत दार लावून तांब्याचं घंगाळ ठेवलं, चुलीवरचं पाणी ओतलं, वर गार पाणी घातलं. थंडीत कोमट पाण्यालाही वाफ येतेच. दलेंदाने लोकरीच्या बाह्या वर केल्या नाहीत, नुसती तीन बोटं बुडवली. आम्ही विणणाऱ्या बायका सगळं त्याच तीन बोटांनी करतो, मीठ घेतो ते त्यांनी, सुई धरतो ती त्यांनी. मग ती म्हणाली, लेल्ला, तू पण बघ गं, मला जरा शंका येते.

मी बघितलं. माझीही तीच तीन बोटं. म्हटलं, कोमट आहे, सोड.

तिने पोरीला काखांत धरून पाय आधी, असं पाण्यात सोडलं.

पुढचं मी सांगणार नाही. एवढंच सांगते की तिने क्षणात वर उचललं, आणि तो क्षणही फार होता. गुडघ्यापर्यंत.

दवाखान्यात आम्ही पाच आठवडे होतो. पोरीच्याच मांडीची कातडी काढून पावलांवर लावली. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेलीच राहिली. पहिल्या संध्याकाळी मुकदाद धावत आला, अंगावर गाडीचा डगला तसाच. त्याने विचारलं, कसं झालं. दलेंदा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "पाणी मी बघितलं. माझ्या हाताला कळलं नाही." ती माझ्याकडे वळली नाही. माझं नावही तिने घेतलं नाही. मी शेजारी उभी होते, तोंडात जीभ होती, आणि मी गप्प राहिले.

पोर बरी झाली तशी मुकदादने तिला टेस्तूरला आपल्या आईकडे नेलं. त्याने आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. केला असता तर दलेंदाला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला की जिला पाणी कळत नाही तिच्याजवळ पोर ठेवायला माझं मन धजत नाही. दलेंदाने स्वतः पोरीचे कपडे बांधून दिले. बस वळेपर्यंत ती रस्त्यात उभी होती. घरी येऊन तिने सुया उचलल्या आणि नळाच्या मोरीत टाकल्या. मी त्या मागाहून काढून ठेवल्या, का ते मलाच ठाऊक नाही.

ऑपरेशन करून घ्यायचं तिने स्वतःच ठरवलं. मला दवाखान्यात जायची भीती वाटत होती, त्या बाईने मला ओळखलं तर काय, म्हणून मी गुडघे दुखत असल्याचं सोंग केलं आणि शेजारणीला बरोबर धाडलं. चोराच्या मनात चांदणं. दोघी परत आल्या तेव्हा कळलं की ती डॉक्टरीणबाई दूर स्फाक्स शहरात बदलून गेली, तिच्या जागी आता कुणी म्हातारे डॉक्टर आहेत. मला हायसं वाटलं. बहिणीची मांडी रिकामी आणि मला हायसं वाटतंय, असली मी.

एप्रिलमध्ये चिरा देऊन मनगटातलं ते दार मोकळं केलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, अंगठ्याचा जोर पुरता येणार नाही, पण स्पर्श येईल, हळूहळू. आणि स्पर्श यायला लागला तो आधी दुखत आला. मुंग्या, झिणझिण्या, रात्रंदिवस. प्रत्येक कळ आली की दलेंदा खूश व्हायची. रोज दुपारी ती डोळे मिटून हात पुढे करायची आणि मी तिच्या बोटांवर एकेक वस्तू ठेवायची. किल्ली, लोकर, डाळिंबाची साल, गरम पेला. मेच्या अखेरीस तिने सगळ्या ओळखल्या. गरम पेल्याला तिने चटकन हात मागे घेतला आणि तिला रडू कोसळलं. म्हणाली, आता देईल ना गं तो?

मुकदाद त्या आठवड्यात आला. तिने त्याच्यासमोरही डोळे मिटून सगळं ओळखून दाखवलं, शाळेतल्या पोरीने धडा म्हणून दाखवावा तसं.

मग तो म्हणाला, "हात बरा झाला, अल्लाची मेहेर. पण प्रश्न हाताचा नाही, दलेंदा. बोटं बधिर राहिली तर लगेच या, असं डॉक्टर सांगितल्याशिवाय राहतात का? मी आता चार जणांना विचारलं. सगळे म्हणाले, हे तर पहिल्या दिवशीच सांगतात. तू ऐकलंस आणि विणत बसलीस. टोपीसाठी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"चौदा वर्षं ज्या पोरीसाठी रडलीस तिच्यापेक्षा तुला दाराजवळची जागा मोठी वाटली."

"नाही रे सांगितलं कुणी. लेल्ला होती ना माझ्याबरोबर. लेल्ला, तू सांग याला. बाई असं काही म्हणाली होती का?"

दोघं माझ्याकडे बघत होती. चहाची किटली माझ्या हातात होती. मी म्हटलं, "नाही. काही म्हणाली नव्हती."

मुकदादने मान हलवली. सख्खी बहीण, ती काय वेगळं सांगणार, असं त्याच्या मनात आलं असणार. त्याने चहा घेतला नाही. जाता जाता म्हणाला की ईदनंतर वकिलाकडे जाऊ, भांडण नको, तलाक सहीने होऊन जाऊ दे.

ईदला दलेंदा टेस्तूरला जाऊन आली. सासूने तिला आत घेतलं, जेवायला वाढलं, वाईट कुणी वागलं नाही. वर्दा रांगत होती. पावलं वाकडी पडायची पण रांगत होती. दलेंदाने उचलताच पोर घाबरून आजीकडे झेपावली आणि रडायची थांबेना. दलेंदा संध्याकाळच्या बसने परत आली.

तिने डोक्यावरची शुभ्र चादर काढली, घडी घातली आणि माझ्यासमोर बसली. सही करते म्हणाली. मी म्हटलं, का, तुझी चूक नसताना का? तेव्हा ती फार थकल्या आवाजात बोलली.

"बाई बोलली असेल गं, लेल्ला. मीच विसरले असेन. विणणाऱ्या बाईचं लक्ष कधी कुठे असतं का? सगळे म्हणतात सांगतातच, म्हणजे सांगितलं असणार. मी ऐकलं असेन आणि पोटातल्या पोरीच्या नादात सोडून दिलं असेन. असली आई असण्यापेक्षा नसलेली बरी."

तिने पोर गमावली होती, नवरा जाणार होता, आणि आता ती माझं पापही आपलंच म्हणून अंगावर घेत होती. तेवढं मला सोसवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. वजन करायची खोली, पिशवी, बाईने काय म्हटलं ते सगळं, शब्दन् शब्द. माझा हात उलटा करून बघितला तेही.

ती ऐकत राहिली. रडली नाही. मग तिने एकच विचारलं.

"त्या दिवशी घंगाळात बोटं घातलीस, तेव्हा आठवलं होतं तुला? तुझा हात मेलाय म्हणाली होती ते?"

खोटं बोलायची माझी खूप इच्छा होती. नाही म्हटलं असतं तर कदाचित ती माझ्याजवळ राहिली असती. मी म्हटलं, "हो."

तिने मान डोलावली, जणू किती वाजले ते विचारलं होतं आणि कळलं. आत गेली आणि दाराला कडी घातली. त्या घरात त्या दाराची कडी कधी लावली गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी टेस्तूरला गेले. मुकदाद अंगणात डाळिंबाच्या फांद्या छाटत होता. त्याची आई बाजेवर बसली होती, वर्दा तिच्या पायाशी. मी उभ्याउभ्याच सांगितलं. डॉक्टरणीचं, बसीस्याचं, पाण्याचं, आणि मे महिन्यात त्याच्या तोंडावर खोटं बोलले त्याचं. मुकदादने कात्री खाली ठेवली. मला वाटलं तो अंगावर धावून येईल. तो खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागला. म्हणत होता, मी तिला टोपीसाठी म्हणालो, टोपीसाठी. त्याच्या आईने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. टेस्तूरमध्ये दारात आलेल्या कुत्र्यालाही पाणी ठेवतात. मी परत फिरले.

वर्दा आणायला त्याला पाच दिवस लागले. तो तिला घेऊन आमच्या गल्लीत आला तेव्हा आधी एकटाच आत गेला आणि दलेंदाच्या पायाशी बसला. ते दोघं काय बोलले मला माहीत नाही, मी अंगणात होते. नंतर पोर आईच्या मांडीवर पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी रडायची थांबली. दलेंदा तिची पावलं हातात घेऊन बसायची. बोटं फिरवायची प्रत्येक वणावर, पुन्हा पुन्हा. तिला आता कळत होतं, कुठे मऊ आहे, कुठे ताठ, आणि जिथे पोरीला दुखतं तिथे ती थांबायची.

मग त्यांनी टेस्तूरला जायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं. तीस वर्षं जी माझ्या हाताखाली वाढली तिचं सगळं एका ट्रंकेत मावलं. सप्टेंबरची सकाळ होती. गल्लीतल्या बायका दाराशी जमल्या. जाणाऱ्या लेकराला आमच्याकडे सगळ्या हातोहात घेतात, प्रत्येकजणी कपाळाचा मुका घेते आणि पुढच्या बाईकडे देते, म्हणजे पोर परत येते असं म्हणतात. वर्दा एकीकडून दुसरीकडे जात होती. हसत होती, नव्या दातांनी. रांगेत शेवटी मी होते.

माझ्या आधीची शेजारीण तिला धरून उभी राहिली आणि दलेंदाकडे बघायला लागली. माझं सगळं आता गल्लीला कळलेलं होतं. दलेंदा पुढेही झाली नाही, मागेही सरली नाही. तिने ते माझ्यावर सोडलं होतं.

पोरीला यातलं काय कळणार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आपण होऊन दोन्ही हात पुढे केले.

मी माझे हात पाठीमागे घेतले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले. शेजारणीने थोडा वेळ वाट पाहिली आणि वर्दाला तिच्या आईकडे दिलं. दलेंदाने तिला खांद्यावर घेतलं. ती माझ्याजवळून गेली तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, बरं केलंस, लेल्ला. आणि बसमध्ये चढली.

याला आता नऊ वर्षं झाली. वर्दा चालते, शाळेत जाते, असं टेस्तूरहून येणारे लोक सांगतात. गल्लीत जी कोणी पोर सुया धरते तिला मी सांगते, मनगट सरळ ठेव, तासाला उठ, हात झटक, आणि दुखायचं थांबलं पण बोटं झोपलेलीच राहिली तर बसीसा कालवू नकोस, दवाखाना गाठ. त्या ऐकतात. मला तोंडावर कुणी काही बोलत नाही. दलेंदाने मला एकदाही बोलावलं नाही, आणि मी आपणहून गेले नाही.